मुंबई ते न्यूयॉर्क: अंतर तेच, मग जायला जास्त आणि यायला कमी वेळ का?

परभणीच्या एका गृहस्थांचा प्रश्न आहे. लेक न्यूयॉर्कला शिकते, मे महिन्यात तिचा पदवीदान समारंभ आहे आणि त्यासाठी नवरा-बायको दोघंही पहिल्यांदाच विमानात बसणार आहेत. नेटवर मुंबई ते न्यूयॉर्क साडेबारा हजार किलोमीटर दाखवतं, विमानाचा वेग ताशी नऊशे किलोमीटर म्हणतात, म्हणजे हिशेबाने चौदा तास व्हायला हवेत. तिकिटावर मात्र जाताना सोळाच्या घरात आणि येताना त्याहून दीडेक तास कमी. "जाताना अंतर वाढतं का?" असं त्यांनी विचारलंय. शिवाय घराला कुलूप लावल्यापासून लेकीच्या दारात पोहोचेपर्यंत एकूण किती वेळ धरायचा, हेही.

माझी नोकरी फ्लाइट डिस्पॅचमध्ये झाली. आम्ही विमान उडवत नाही. ते कोणत्या वाटेने, किती उंचीवरून आणि किती इंधन घेऊन जाईल हे उड्डाणाच्या आधी कागदावर बसवून देतो. आता निवृत्त होऊन संभाजीनगरात असतो आणि आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी हाच प्रश्न घेऊन येतं. त्यामुळे जरा बैजवार सांगतो.

आधी अंतराचं बघू. साडेबारा हजार हा आकडा चूक नाही. माझ्या हिशेबाने तो १२,५३० च्या आसपास येतो. पण ते गोलावरचं सर्वांत कमी अंतर आहे. शाळेत असतो तसा पृथ्वीचा गोल मिळाला तर मुंबईवर दोऱ्याचं एक टोक धरा, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणा. भिंतीवरच्या नकाशाची सवय असल्याने आपल्याला वाटतं की अमेरिका पश्चिमेला, म्हणजे विमान अरबस्तानावरून सरळ डावीकडे जाणार. दोरा तसा जात नाही. तो मुंबईहून उत्तरेकडे, किंचित पश्चिमेला कलून निघतो. सिंध, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान करत मॉस्कोच्या जवळून वर चढतो, स्वीडन-नॉर्वे ओलांडतो, आइसलँडवरून ग्रीनलंडच्या दक्षिण टोकापाशी येतो आणि मग कॅनडावरून खाली न्यूयॉर्कला उतरतो. नकाशावर पट्टी ठेवून, होकायंत्राची दिशा न बदलता गेलात तर तेच अंतर १४,२०० किलोमीटरच्या आसपास भरेल. जवळपास सतराशे किलोमीटरचा फरक, केवळ पृथ्वी गोल असल्यामुळे.

आता या दोऱ्यावरून हुबेहूब कुणी उडतं का? नाही. आकाशात देशांच्या हद्दी आहेत, ठरलेले मार्ग आहेत, लष्करी पट्टे आहेत, युद्धं आहेत. २०२२ च्या फेब्रुवारीनंतर रशियाचं आकाश अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना बंद झालं, भारतीय कंपन्यांना उघडं राहिलं. २०२५ च्या एप्रिलअखेर पाकिस्तानने आपलं आकाश भारतीय विमानांना बंद केलं. तेव्हा दिल्लीहून पश्चिमेला जाणारी विमानं आधी गुजरातच्या बाजूला खाली येऊन मग अरबी समुद्रावर जाऊ लागली, आणि एअर इंडियाच्या अमेरिकेच्या काही फेऱ्यांना व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला इंधनासाठी उतरावं लागलं. नेटवरचा अंतराचा आकडा या सगळ्यात जागचा हलत नाही. म्हणूनच आम्हा लोकांना तो फारसा कामाचा वाटत नाही.

खरा मुद्दा वाऱ्याचा आहे.

विमानाचा ताशी नऊशे हा वेग हवेच्या तुलनेतला असतो, जमिनीच्या नव्हे. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वाऱ्यांचे पट्टे आहेत, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. त्यांचा जोर ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर सहज असतो, हिवाळ्यात तीनशेच्या वरही जातो. विमान या वाऱ्याच्या तोंडावर चाललं तर तेवढा वेग जमिनीवरच्या हिशेबातून वजा, पाठीशी घेतला तर अधिक. तुमचंच गणित पुढे नेऊ. १२,५०० किलोमीटर, वारा शून्य, तर तेरा तास त्रेपन्न मिनिटं. संपूर्ण वाटेचा सरासरी उलटा वारा ताशी फक्त पन्नास धरला तर वेग साडेआठशे उरतो आणि वेळ होतो चौदा तास बेचाळीस मिनिटं. तोच वारा येताना पाठीला मिळाला तर तेरा तास दहा मिनिटं. पन्नासाच्या वाऱ्याने जाण्या-येण्यात दीड तासाचा फरक पाडला. म्हणजे अंतर वाढत नाही. तुमची हवाच मागे सरकत असते.

हे किती टोकाला जाऊ शकतं याचं उदाहरण २०२० च्या फेब्रुवारीतलं आहे. अटलांटिकवर मोठं वादळ होतं, जेट स्ट्रीम जोरात होती, आणि ब्रिटिश एअरवेजचं एक जंबो न्यूयॉर्कहून लंडनला चार तास छप्पन्न मिनिटांत पोहोचलं. एरवी या प्रवासाला सहा-साडेसहा तास लागतात. जमिनीच्या हिशेबाने त्याचा वेग ताशी तेराशे किलोमीटरच्या वर गेला होता, म्हणजे आवाजापेक्षा जास्त. पण भोवतालच्या हवेत ते नेहमीच्याच वेगाने चाललं होतं, त्यामुळे आतल्या प्रवाशांना वेगळं काही जाणवण्याचं कारण नव्हतं.

आमच्या टेबलावर हे असं दिसतं. लंडन आणि वॉशिंग्टन इथल्या दोन जागतिक केंद्रांकडून दर सहा तासांनी वरच्या वाऱ्यांचा नवा अंदाज येतो. फ्लाइट प्लॅनच्या कागदावर वाटेतल्या प्रत्येक बिंदूची एक ओळ असते: उंची, वाऱ्याची दिशा, वाऱ्याचा जोर, त्या बिंदूपर्यंत लागलेला वेळ, उरलेलं इंधन. संगणक दहा वाटा काढून देतो, आणि त्यातली किलोमीटरने सर्वांत छोटी वाट नेहमी निवडली जाते असं नाही. जिथे वारा कमी आडवा येतो ती निवडतात. आज आइसलँडच्या वरून नेलेलं विमान उद्या त्याच वेळी त्याच्या बरंच दक्षिणेकडून जाऊ शकतं. प्रवाशाला समोरच्या पडद्यावर ती वाकडी रेघ दिसते आणि तो शेजाऱ्याला म्हणतो, "हा पायलट उगाच वळसा घालतोय."

उगाच नसतो. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को बघा. एअर इंडियाने ही थेट सेवा २०१५ च्या डिसेंबरात सुरू केली, तेव्हा विमानं युरोप आणि अटलांटिकवरून जात. २०१६ च्या ऑक्टोबरात त्यांनी दिल्लीहून जातानाची वाट उलटीकडून, पूर्वेला पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. ही वाट आधीच्यापेक्षा चौदाशे किलोमीटर लांब, एकूण सुमारे १५,३०० किलोमीटर. पण वारा सगळा पाठीचा, त्यामुळे पहिलं विमान साडेचौदा तासांत पोहोचलं. जुन्या वाटेपेक्षा दोनेक तास कमी. आपल्याकडे जालन्याहून कुणी मुंबईला निघालं की गावातल्या रस्त्यांऐवजी समृद्धी गाठायला थोडं उलटं जातं, तसलाच हा प्रकार. लांबच्या वाटेने लवकर पोहोचलेलं पाहून लोकांना नवल वाटतं, आम्हाला रोजचं होतं. आणि ही वाट खरंच कुठून जाते याचा अंदाज २०२३ च्या जूनमध्ये सगळ्यांना आला, जेव्हा दिल्लीहून निघालेलं तेच विमान इंजिनातल्या बिघाडामुळे रशियाच्या पार पूर्व टोकाकडच्या मगादानला उतरवावं लागलं.

इथे एक गैरसमज मोडून टाकतो, कारण तो शिकलेल्या माणसांकडूनही ऐकतो: पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून पश्चिमेला जाताना लवकर पोहोचायला हवं. आपल्या मराठवाड्याच्या अक्षांशावर जमीन ताशी साधारण १,५७० किलोमीटर वेगाने फिरते हे खरं. पण हवाही तिच्याबरोबरच फिरते. तसं नसतं तर संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावरून हेलिकॉप्टर सरळ वर उचललं आणि दहा मिनिटं नुसतं थांबलं, की खाली मुंबईच्या बाजूचा किनारा आला असता. मुंबईच्या तपोवन एक्स्प्रेसला मग कोण बसलं असतं! पृथ्वीच्या फिरण्याचा जेट स्ट्रीमच्या दिशेत हात आहे, एवढंच. ती आपली वाट कमी करत नाही.

आता वाऱ्यासकट पावणेपंधरा तास झाले, तिकिटावरचे सोळा कसे? तिकिटावर जो वेळ असतो त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. विमान स्टँडवरून हललं तिथून ते पलीकडे स्टँडवर थांबेपर्यंत. मुंबईचे दोन रनवे एकमेकांना छेद देतात, त्यामुळे एका वेळी वापर जवळपास एकाचाच. मध्यरात्रीच्या गर्दीत विमान धावपट्टीच्या टोकापर्यंत रांगेत सरकायला वीस-पंचवीस मिनिटं घेतं. न्यूयॉर्कलाही उतरल्यावर गेट मिळेपर्यंत तेच. सरळ रेघ सोडून घेतलेल्या वळशांचे काहीशे किलोमीटर धरा, आणि कंपनीने स्वतःच्या बचावासाठी ठेवलेली दहा-वीस मिनिटं. ही शेवटची वस्तू उघडपणे कुणी सांगत नाही, पण "विमान वेळेआधी पोहोचलं" असं जे तुम्ही ऐकता त्यातली बरीच विमानं याच राखीव मिनिटांमुळे लवकर पोहोचलेली असतात.

घरबसल्या अंदाज काढायचा तर माझी पद्धत साधी आहे. किलोमीटरला साडेआठशेने भागा आणि त्यात चाळीस मिनिटं मिळवा. संभाजीनगर ते मुंबई हवेतून २८० किलोमीटर आहे: वीस मिनिटं अधिक चाळीस, एक तास. वेळापत्रक जवळपास तेच सांगतं. दिल्ली ९८० किलोमीटर, म्हणजे पावणेदोन-पावणेदोनच्या किंचित वर. मुंबई-न्यूयॉर्क सुमारे पंधरा तास पंचवीस मिनिटं. पूर्व-पश्चिम लांबच्या प्रवासाला त्यात पश्चिमेकडे जाताना अर्धा-पाऊण तास वाढवा, येताना तितकाच कमी करा. जानेवारीत फरक जास्त, जुलै-ऑगस्टात कमी, कारण उन्हाळ्यात जेट स्ट्रीम मंदावते आणि उत्तरेला सरकते.

इंधनाचं थोडक्यात सांगतो, कारण थेट फेरीचं तिकीट महाग का आणि कधीकधी सामान मागे का राहतं, याचं उत्तर त्यात आहे. बोइंग ७७७ सारखं मोठं विमान तासाला साधारण सात-आठ टन इंधन जाळतं. उलटा वारा वाढून एक तास जास्त लागणार असेल तर तेवढं जादा घ्यायचं, आणि ते पंधरा तास वाहून नेण्यासाठी आणखी थोडं. शिवाय पर्यायी विमानतळापर्यंतचं, आणि तिथे पोहोचल्यावर अर्धा तास घिरट्या घालता येतील एवढं राखीव असावंच लागतं. विमानाच्या एकूण वजनाला मर्यादा आहे. इंधन वाढलं की दुसरं काहीतरी उतरवावं लागतं: आधी माल, मग फारच अडलं तर प्रवासी कमी घेऊन काही खुर्च्या रिकाम्या ठेवतात.

आता मराठवाड्यातून कसं जायचं. इथे अंतराच्या आकड्यातली एक गंमत आहे. संभाजीनगरहून मुंबई करून न्यूयॉर्क: २८० अधिक १२,५३०, म्हणजे १२,८१०. संभाजीनगरहून दिल्ली करून न्यूयॉर्क: ९८० अधिक ११,७५०, म्हणजे १२,७३०. दिल्ली लांबची वाटते, पण भरते थोडी कमीच! कारण वर सांगितलेला दोरा. अमेरिकेला जाताना तुम्ही तसेही उत्तरेलाच निघालेले असता. दुबई करूनही वाट फार लांबत नाही: मुंबई-दुबई १,९३० आणि पुढे ११,०२०, एकूण १२,९५०. चारशे किलोमीटरचा वळसा म्हणजे अर्धा तास. वेळ खातो तो मधला मुक्काम. तेव्हा वाट निवडताना किलोमीटर बघूच नका. मधला थांबा किती तासांचा, आणि पाकिस्तानचं आकाश बंद असेल त्या काळात दिल्लीच्या फेरीला मधे इंधनाचा थांबा आहे का, हे बघा. नांदेड, देगलूर, उदगीर, लातूरकडच्या लोकांना मी आणखी एक सांगतो. मुंबईचा हट्ट कशाला? आपला जुना राबता हैदराबादशीच. नांदेडहून शमशाबादचं विमानतळ रस्त्याने तीनशे किलोमीटरच्या आत-बाहेर, मुंबई त्याच्या दुप्पट. आखाती देशांतून पुढे जाणारी विमानं तिथून भरपूर आहेत.

परभणी मधोमध पडते. तुम्ही दोघं पहिल्यांदा जाताय आणि इंग्रजीची धास्ती आहे असं लिहिलंत, म्हणून माझं मत मुंबईहून थेट फेरीचं आहे, पैसे थोडे जास्त गेले तरी. संभाजीनगर-मुंबई विमानाने जाणार असाल तर दोन्ही तिकिटं एकाच पीएनआरवर काढा. वेगवेगळी काढली आणि इथलं विमान उशिरा सुटलं, तर पुढची कंपनी जबाबदारी घेत नाही; अमेरिकेचं तिकीट बुडालंच समजा. एक पीएनआर असला तर पुढच्या विमानात बसवणं त्यांच्यावर येतं. शिवाय मुंबईत आंतरराष्ट्रीय विमानं टर्मिनल दोनवरून सुटतात, देशातली काही विमानं टर्मिनल एकवर उतरतात आणि आता काही नवी मुंबईलाही. तिकिटावर कुठलं लिहिलंय ते वाचून घ्या.

रेल्वेने जाणार असाल तर हिशेब असा. समजा विमान १२ मे रोजी रात्री दीड वाजता आहे. इथेच माणसं सर्वांत जास्त फसतात. १२ तारखेचा दीड म्हणजे ११ तारखेची रात्र. तिकिटावर १२ मे बघून बरेच जण ११ तारखेच्या रात्रीच्या देवगिरी एक्स्प्रेसचं आरक्षण करतात आणि १२ तारखेला सकाळी मुंबईत उतरतात, तेव्हा विमान जाऊन पाच-सहा तास झालेले असतात. तुम्ही १० तारखेला रात्री परभणी सोडा. ११ ला सकाळी मुंबई, दिवसभर नातेवाइकांकडे किंवा जवळच्या लॉजवर आराम, रात्री दहाला विमानतळावर. तीन तास आधी पोहोचा म्हणतात, पहिल्या वेळेला साडेतीन धरा.

दीडला विमान निघालं, सोळा तासांनी आपल्या घड्याळात १२ तारखेचे संध्याकाळचे साडेपाच. मे महिन्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे, म्हणून तिथे त्याच १२ तारखेचे सकाळचे आठ. तिकिटावर दीड आणि आठ एवढंच छापलेलं असतं, बघणाऱ्याला वाटतं साडेसहा तासांचाच प्रवास आहे. हाच प्रवास हिवाळ्यात केलात तर सात वाजता उतराल, कारण मार्चमधल्या दुसऱ्या रविवारी ते आपली घड्याळं एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे घेतात; हिवाळ्यात फरक साडेदहा तासांचा. उतरल्यावर इमिग्रेशनची रांग, बॅगा, कस्टम्स आणि लेकीच्या घरापर्यंतची टॅक्सी मिळून तीन-साडेतीन तास. परभणीचं कुलूप लावल्यापासून जवळपास अठ्ठेचाळीस तास झाले, त्यातले विमानातले सोळा.

परतीचं उलट आहे. न्यूयॉर्कहून दुपारी बाराला निघालात तर साडेचौदा तासांनी मुंबईत दुपारचे बाराच वाजलेले असतात, तारीख मात्र पुढची. त्या दिवशी रात्री सुटणाऱ्या देवगिरीचं आरक्षण करायला हरकत नाही. दुपारच्या गाडीचं मात्र काढू नका. बॅगा पट्ट्यावर यायलाच तासभर जातो, आणि त्या घेऊन अंधेरीहून सीएसएमटीला भर दुपारच्या रहदारीत पोहोचायचं असतं.